खाली स्टेशन, वर बिऱ्हाड

अमेरिकेतल्या खेड्यांत रेल्वे स्टेशनचा सगळा कारभार बहुधा एकट्या माणसाकडे असे. त्याला स्टेशन एजंट म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1970 च्या आसपासपर्यंत हे पद अमेरिका आणि कॅनडात सर्वत्र होते. नेमणूक एकाची होई, पण पुष्कळ ठिकाणी काम साऱ्या कुटुंबाचे असे, कारण स्टेशन आणि घर एकाच छपराखाली होते. रेल्वेच्या पुरुषी जगात बायकांचा शिरकाव फार लवकर झाला तो याच जागी. एजंटची मुलगी, बायको, बहीण किंवा विधवा म्हणून आलेल्या स्त्रियांनी तारा घेतल्या, गाड्यांना हुकूम दिले, मालाचे हिशेब ठेवले आणि कित्येकींनी स्टेशन स्वतःच्या नावावर चालवले. इंजिने, पूल आणि भांडवलदार यांच्या इतिहासात या स्त्रियांना जितकी जागा मिळायला हवी होती तितकी कधीच मिळाली नाही.

भारतातल्या लहान स्टेशनावरही मास्तर, पॉइंट्समन, पोर्टर अशी चार माणसे असतात. काही हॉल्टवर कमिशनवर तिकिटे विकणारा हॉल्ट एजंट असतो, पण गाड्या चालवण्याशी त्याचा संबंध नसतो. अमेरिकन एजंटला हे सगळे एकट्याने पाहावे लागे. तिकिटे विकणे, मालाच्या बिलट्या फाडणे, भाडे वसूल करणे, धान्यासाठी आणि जनावरांसाठी रिकामे डबे मागवणे, डबा वेळेत खाली झाला नाही तर विलंबशुल्क आकारणे, ही रेल्वेची कामे. त्याशिवाय पार्सले नेणाऱ्या खासगी एक्स्प्रेस कंपन्यांचे आणि वेस्टर्न युनियन या तार कंपनीचे काम तोच पाही आणि त्यावर त्याला कमिशन मिळे. पगाराला त्या कमिशनचा चांगला हातभार लागे. टपालाच्या थैल्या, दुधाचे आणि सायीचे कॅन, अंड्यांचे खोके, शेतीची अवजारे, शहरात वारलेल्या माणसाची गावी आणलेली शवपेटी, हे सारे त्याच्या हातून जाई. प्रतीक्षागृहातली शेगडी पेटवणे आणि सिग्नलच्या दिव्यांत तेल घालणे हेही त्याच्याकडेच असे.

अशी स्टेशने संख्येनेही अफाट होती. 1916 मध्ये अमेरिकेतले लोहमार्ग सर्वाधिक, म्हणजे सुमारे 2,54,000 मैल झाले होते. मध्य-पश्चिमेच्या गव्हाच्या आणि मक्याच्या मुलखात दर आठ-दहा मैलांवर स्टेशन असे. घोडागाडीत धान्य भरून आलेला शेतकरी त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, असा त्यामागचा हिशेब होता. गाव बहुतेकदा स्टेशन उभारल्यानंतर वसे. त्यामुळे कितीतरी गावांत पहिले राहते कुटुंब एजंटचेच होते.

या कामाचा गाभा होता तारायंत्र. 1851 पूर्वी एकेरी मार्गावर गाड्या केवळ वेळापत्रकावर धावत. समोरून येणारी गाडी ठरलेल्या स्टेशनवर भेटली नाही, तर पुढे जायचे की थांबायचे याचे ठरावीक नियम होते आणि त्यात तासन्‌तास वाया जात. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात एरी रेल्वेचा अधीक्षक चार्ल्स मायनट टर्नर्स नावाच्या स्टेशनवर असाच अडकला. त्याने पुढच्या स्टेशनला तार करून समोरची गाडी तिथेच रोखायला सांगितले आणि आपल्या गाडीला निघण्याचा लेखी हुकूम दिला. तारेवर भरवसा ठेवून समोरासमोर धडक ओढवून घ्यायला ड्रायव्हर तयार होईना. शेवटी मायनटने स्वतः इंजिन चालवले आणि ड्रायव्हर शेवटच्या डब्यात जाऊन बसला. गाडी सुखरूप पोहोचली, आणि तारेवरून गाड्या चालवण्याची पद्धत हळूहळू सगळ्या देशात रूढ झाली.

भारतात एकेरी मार्गावर ड्रायव्हरला टोकन मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. अमेरिकेत टोकनचे काम ट्रेन ऑर्डर नावाचा पातळ कागद करी. दूरच्या शहरात बसलेला डिस्पॅचर, म्हणजे भारतीय रेल्वेतला कंट्रोलर, तारेवर हुकूम सांगे. स्टेशनवरचा तारमास्तर तो कार्बन लावून उतरवून घेई आणि शब्दन्‌शब्द परत वाचून दाखवी. डिस्पॅचरने ‘बरोबर’ म्हटल्याखेरीज त्या कागदाला मोल नसे. क्रमांक 31 च्या हुकुमासाठी गाडी थांबवून कंडक्टरची, म्हणजे गाडीच्या गार्डची, सही घ्यावी लागे. क्रमांक 19 चा हुकूम धावत्या गाडीला देता येई. तो देण्याची रीत धाडसाची होती. लाकडी रिंगणात कागद अडकवून तारमास्तर रुळांच्या अगदी काठाशी उभा राही. इंजिनातला माणूस हात बाहेर काढून रिंगण उचले, कागद सोडवी आणि रिंगण पुढे कुठेतरी खाली फेकी. मग दुसरे रिंगण शेवटच्या डब्यातल्या कंडक्टरला द्यायचे. गाडी गेल्यावर दोन्ही रिंगणे शोधून आणायची. रात्री, पावसात, बर्फात आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या लांब घागऱ्यात हे काम असंख्य स्त्रियांनी केले.

यात चुकीला क्षमा नव्हती. एका गाडीला द्यायचा हुकूम राहून गेला, स्टेशनचे नाव चुकीचे उतरले, तर दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर येत. लागे तो तल्लख कान, शाबूत डोके आणि स्वच्छ अक्षर. या तिन्हींपैकी एकालाही पुरुषाच्या ताकदीची गरज नव्हती. इंजिनावर, ब्रेकवर, रुळांवर स्त्रीला घेण्याचा विचारही ज्या काळात कुणाच्या मनात येत नव्हता त्या काळात तारेच्या टेबलावर ती बसू शकली, त्याचे निम्मे कारण इथे आहे.

उरलेले निम्मे कारण इमारतीत आहे. रेल्वे कंपन्यांकडे स्टेशनांचे ठरावीक नकाशे असत. वस्ती विरळ असलेल्या मुलखात एजंटला भाड्याने घर मिळणे अशक्य असे, म्हणून नॉर्दर्न पॅसिफिक, सू लाइन, कॅनडातली कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅनेडियन नॉर्दर्न अशा कंपन्यांच्या नकाशांत स्टेशनाला जोडूनच राहण्याच्या खोल्या काढलेल्या होत्या. ठरलेली रचना अशी: खाली एका बाजूला प्रतीक्षागृह, दुसऱ्या बाजूला मालाची खोली, मधे कचेरी. कचेरीची खिडकी फलाटाकडे पुढे आलेली असे, म्हणजे टेबलावरून न उठता दोन्ही दिशांचे रूळ दिसावेत. वरच्या मजल्यावर किंवा मागच्या बाजूला एजंटचे बिऱ्हाड.

या घरांत सुख बेताचे होते. मालगाडी गेली की कपाटातली भांडी वाजत, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसे, पाणी लांबून आणावे लागे. मात्र नोकरी आणि घर यांच्यामध्ये भिंत उरत नव्हती. एजंट मालाच्या डब्यांची मोजदाद करायला बाहेर गेला आणि तारेवर स्टेशनची खूण वाजली, तर उत्तर कोण देणार? प्रत्येक स्टेशनाला एक-दोन अक्षरांची हाक असे आणि ती घरातल्या सगळ्यांच्या कानांत बसलेली असे. बायको हातातले काम सोडून खाली येई. मोठी मुलगी शाळेतून आली की तिकिटाच्या खिडकीशी उभी राही. मुलगा दिव्यांच्या काचा पुसे. या श्रमांची नोंद कंपनीच्या पगारपत्रकात नाही. पण ते नसते तर दिवसाचे बारा-चौदा तास एका माणसाने स्टेशन उघडे ठेवणे कसे शक्य झाले असते?

मोर्सची तार वाचायला डोळे लागत नाहीत, ती कानाने कळते. सुरुवातीला तारयंत्र कागदी पट्टीवर ठिपके आणि रेघा उमटवी. पण अनुभवी तारमास्तर पट्टीकडे न बघता केवळ खटखटाट ऐकून मजकूर लिहू लागले आणि पुढे पट्टी गेलीच. शहरातल्या विद्यार्थ्याला असा कान तयार करायला महिनोन्‌महिने लागत. ज्या घरात खालच्या कचेरीतून दिवसरात्र तो खटखटाट येई, तिथली मुले आईची भाषा उचलावी तशी ती तार उचलत. अनुभवी कानाला तर कोण तार पाठवत आहे हेही ओळखता येई, कारण प्रत्येकाची हाताची लय वेगळी असे.

शिकण्याचा दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या एजंटकडे उमेदवारी करणे. टॉमस एडिसन याच मार्गाने तारमास्तर झाला. 1862 मध्ये मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स स्टेशनवर त्याने एजंट मॅकेन्झीच्या लहान मुलाला घरंगळत येणाऱ्या डब्यापुढून ओढून वाचवले आणि त्या बापाने कृतज्ञतेपोटी त्याला तार शिकवली. पण प्रत्येकाच्या नशिबी असा योग नसतो. खासगी तारशाळा बऱ्याच निघाल्या, त्यांतल्या पुष्कळ फी उकळून अर्धवट शिक्षण देणाऱ्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन संस्थेने वेस्टर्न युनियनच्या मदतीने 1869 मध्ये स्त्रियांसाठी मोफत तारवर्ग सुरू केला. तिथून तयार झालेल्या मुली मुख्यतः शहरांतल्या तार कचेऱ्यांत गेल्या. खेड्यातल्या रेल्वे स्टेशनवर येणारी स्त्री बहुतेकदा घरातच शिकलेली असे आणि बिलट्या, भाड्याचे दर, डब्यांचे क्रमांक, महिन्याचा ताळेबंद हेही तिला ऐकून-पाहून ठाऊक असे. तारशाळेत हे मिळत नसे.

रेल्वेतली पहिली स्त्री तारमास्तर म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या लुइसटाउनच्या एलिझाबेथ कॉगली यांचे नाव सहसा घेतले जाते. त्या 1850 च्या दशकात, म्हणजे मायनटच्या त्या तारेनंतर काही वर्षांतच, कामाला लागल्या आणि पेनसिल्व्हेनिया रेल्वेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. 1870 च्या अमेरिकन जनगणनेत साऱ्या देशात मिळून स्त्री तारमास्तर साडेतीनशेच्या आसपास होत्या. 1900 मध्ये त्या सात हजारांवर गेल्या. त्यांत शहरी कचेऱ्यांतल्या स्त्रियाही आल्या. पण घरातल्या बायका-मुली जे काम नावावर न करता करत होत्या ते जनगणनेच्या रकान्यात कधी आलेच नाही, आणि ग्रामीण स्टेशनांचा विचार करताना हे आकडे अपुरेच मानले पाहिजेत.

पुरुषासाठी खेड्यातले स्टेशन ही बहुधा पहिली पायरी होती. हुशार तरुण तिथून मोठ्या स्टेशनवर, मग डिस्पॅचरच्या कचेरीत, मग अधीक्षकपदावर जाई किंवा रेल्वेच सोडून व्यापारात पडे. मेल-ऑर्डरच्या धंद्यातला विख्यात रिचर्ड सीअर्स हा मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवूड स्टेशनचा एजंट होता. 1886 मध्ये एका सराफाने घेण्याचे नाकारलेली घड्याळांची खेप त्याने स्वतः घेतली आणि आपल्याच मार्गावरच्या इतर एजंटांना विकली. पुढच्या अवाढव्य व्यापाराची ही सुरुवात. स्त्रीला वरच्या पायऱ्या जवळजवळ बंद होत्या. डिस्पॅचरच्या खुर्चीवर ती क्वचितच बसली. म्हणून ती एका स्टेशनवर किंवा एका मार्गावर वीस-तीस वर्षे राहिली आणि गावाची सगळी माहिती तिच्यापाशी साठत गेली: कुणाचा माल कधी येतो, कुणाला कोणती तार हळू आवाजात सांगायची, कुणाची थकबाकी कुठवर थांबवायची. रेल्वेला जिला बढती द्यावीशी वाटली नाही तिच्यामुळेच गावाला स्थिर कारभार मिळाला.

केट शेली ही या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध स्त्री. तिचे नाव घेतले जाते ते एका रात्रीसाठी. एजंट म्हणून तिने केलेल्या कामाकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. तिचा बाप आयर्लंडहून आलेला, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम. 1878 मध्ये तो वारला. आयोवा राज्यात मॉइंगोना गावाजवळ, हनी क्रीक ओढ्याकाठच्या घरात आई आणि भावंडे उरली. 6 जुलै 1881 च्या रात्री मोठा पाऊस झाला. रूळ तपासायला निघालेले एक इंजिन हनी क्रीकच्या पुलासकट ओढ्यात कोसळले. चौघांपैकी दोघे बुडाले, दोघे झाडांना धरून राहिले. तो आवाज घरात ऐकू आला. मध्यरात्रीच्या सुमारास शिकागोकडे जाणारी एक्स्प्रेस याच मार्गाने यायची होती, हे केटला पाठ होते, कारण ती रेल्वेच्या घरात वाढली होती. विशीही न गाठलेली ही मुलगी कंदील घेऊन निघाली. वाटेत कंदील विझला. पायी जाणाऱ्यांना अटकाव व्हावा म्हणून डे मॉइन नदीवरच्या लांबलचक पुलावर चालण्याच्या फळ्या ठेवलेल्या नव्हत्या. स्लीपर चाचपत, हातापायांवर रांगत तिने पूल ओलांडला आणि मॉइंगोना स्टेशन गाठले. तारेवरून एक्स्प्रेस अलीकडे ऑग्डन इथे थांबवली गेली. मग वाट दाखवत ती माणसे घेऊन ओढ्याकडे परत गेली आणि दोघांना वाचवण्यात आले.

राज्याने तिला सुवर्णपदक दिले, कंपनीने शंभर डॉलर, पीठ, कोळसा आणि आयुष्यभराचा मोफत पास दिला, देशभर तिचे कौतुक झाले. समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड यांच्या मदतीने ती काही काळ सिम्पसन कॉलेजातही शिकली. पण घर चालवायला कायमची मिळकत हवी होती आणि ती यायला फार वर्षे लागली. 1903 मध्ये तिला मॉइंगोनाच्या स्टेशन एजंटची जागा मिळाली. त्याआधी दोनच वर्षे कंपनीने बून गावाजवळ नदीवर नवा उंच पूल बांधून मुख्य मार्ग तिकडे वळवला होता आणि मॉइंगोनाचा मार्ग दुय्यम झाला होता. त्या मागे पडलेल्या स्टेशनवर ती शेवटच्या आजारापर्यंत काम करत राहिली. 1912 मध्ये ती वारली. नव्या पुलाला पुढे तिचेच नाव पडले.

मुकादमाची मुलगी एजंट झाली हे रेल्वे कुटुंबांच्या नेहमीच्या वाटेला धरूनच होते. भारतीय सरकारी खात्यांत अनुकंपा तत्त्वावर वारसाला नोकरी देण्याचा लिखित नियम आहे. अमेरिकन रेल्वेत तसा सार्वत्रिक नियम नव्हता. विभागाच्या अधीक्षकाची मर्जी, मृत कर्मचाऱ्याबद्दलची कणव आणि रिकामी जागा उद्याच भरण्याची निकड यांवर सगळे अवलंबून असे. एजंट अचानक वारला तर त्याचे काम जाणणारी बाई त्याच घरात हजर होती. बाहेरून माणूस आणायचा तर त्या विधवेला आणि मुलांना घराबाहेर काढावे लागे. तिलाच काम दिले तर स्टेशन एक दिवसही बंद राहत नसे. दयेइतकाच व्यवहारही यात होता.

ही मर्जीची वाट बंद होऊन नियमाची वाट सुरू झाली ती कामगार संघटनेमुळे. 1886 मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्स इथे रेल्वे तारमास्तरांची संघटना स्थापन झाली. इंजिन ड्रायव्हरांच्या आणि कंडक्टरांच्या संघटनांत स्त्रीला स्थान नव्हते. या संघटनेने स्त्रियांना सभासद करून घेतले आणि समान कामाला समान पगाराची मागणी केली. त्यात न्यायाची जाणीव होती आणि स्त्रीला स्वस्तात राबवून पुरुषांचे पगार पाडले जातील ही भीतीही होती. संघटनेने कंपन्यांशी करार केले, तेव्हा सेवाज्येष्ठता हा त्यांचा पाया ठरला. जागा रिकामी झाली की तिची सूचना लागे, अर्ज येत आणि पात्र उमेदवारांत जो सेवेत जुना त्याला ती मिळे.

त्यामुळे बापाचे स्टेशन थेट मुलीकडे जाणे अवघड झाले. पण कुटुंबाचा हक्क संपला नाही, त्याचे रूप बदलले. बापाकडून तार शिकलेली मुलगी सोळा-अठराव्या वर्षी बदली तारमास्तर म्हणून लागे, तिची सेवा त्या दिवसापासून मोजली जाई, आणि आडमार्गावरच्या स्टेशनांवर वर्षे काढल्यावर ती हव्या त्या जागेवर हक्काने येई. संघटना बाहेरच्या उमेदवारांना तार शिकवण्याच्या विरोधात होती, कारण तारमास्तर वाढले की पगार घटत. बाहेरच्यांची वाट अरुंद झाल्याने घरच्या शिक्षणाचे वजन उलट वाढले. 1907 च्या संघीय कायद्याने दिवसरात्र चालणाऱ्या ठिकाणी तारमास्तराचे काम नऊ तासांवर आणि केवळ दिवसा चालणाऱ्या ठिकाणी तेरा तासांवर आणले. एकाच स्टेशनवर आता दोन-तीन पाळ्या लागू लागल्या. नवरा दिवसपाळीचा एजंट आणि बायको दुसऱ्या पाळीची तारमास्तर, अशी जोडपी अनेक मार्गांवर दिसू लागली. तिचे काम पहिल्यांदाच पगारपत्रकात तिच्या नावाने येत होते.

दोन महायुद्धांनी हा प्रवाह फुगवला. डिसेंबर 1917 मध्ये अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतली आणि मे 1918 च्या सर्वसाधारण आदेश क्रमांक 27 ने समान कामासाठी स्त्रियांना पुरुषांइतका पगार देण्याचे बंधन घातले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रेल्वेत एक लाखावर स्त्रिया होत्या, बहुसंख्य कारकुनीत. सरकारने पॉलीन गोल्डमार्क यांच्या हाताखाली स्त्री कर्मचाऱ्यांसाठी वेगळा विभागही काढला. युद्ध संपताच यांतल्या पुष्कळ जणी बाहेर पडल्या किंवा काढल्या गेल्या. मंदीत विवाहित स्त्रियांना कामावरून कमी करण्याची लाट आली. 1931 मध्ये नॉर्दर्न पॅसिफिकनेही ते केले. एका घरात दोन पगार नकोत असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि जिथे घर हेच कामाचे ठिकाण होते तिथे तो फारच अन्यायाचा होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बायकांना बोलावणे आले.

त्या वेळी कामाला लागलेल्यांपैकी लीआ रोझेनफेल्ड यांच्यामुळे स्त्री एजंटचा प्रश्न न्यायालयात पोहोचला. कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक कंपनीत त्यांनी तारमास्तर म्हणून अनेक वर्षे काम केले होते. 1966 मध्ये कोचेला खोऱ्यातल्या थर्मल स्टेशनची एजंट-तारमास्तराची जागा रिकामी झाली. अर्जदारांत सेवाज्येष्ठता त्यांची, तरी कंपनीने जागा त्यांच्याहून नव्या पुरुषाला दिली. कंपनीचे म्हणणे असे की हंगामात तिथे दिवसाला दहा तासांहून आणि आठवड्याला ऐंशी तासांहून जास्त काम पडते, डब्यांवर चढून हवेची झडपे लावावी लागतात, दारे बंद करून सील करावी लागतात, पंचवीस आणि कधी पन्नास पौंडांवरचे ओझे उचलावे लागते. स्त्रीला हे झेपत नाही आणि कॅलिफोर्नियाचे कामगार कायदेही तिला इतके तास, इतके वजन मना करतात.

हे कायदे एकेकाळी स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेले होते. पण दुधाचे कॅन, अंड्यांचे खोके आणि टपालाच्या थैल्या शंभर वर्षे उचलणाऱ्या बायकांच्या व्यवसायात ‘हे काम स्त्रीचे नाही’ असे म्हणण्याला इतिहासाचा कसलाच आधार नव्हता. घरातल्या बायकोने बिनपगारी ओझे उचलले तेव्हा कोणत्याही कंपनीने त्याचे वजन केले नव्हते. रोझेनफेल्ड यांनी 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली दावा लावला. जिल्हा न्यायालयाने 1968 मध्ये आणि संघीय अपील न्यायालयाच्या नवव्या मंडळाने 1971 मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. एखाद्या व्यक्तीची पात्रता तिच्या स्वतःच्या क्षमतेवरून ठरवायची, ती कोणत्या गटातली आहे यावरून नाही. आणि राज्याचे तास-वजनाचे नियम संघीय कायद्यापुढे टिकत नाहीत. या निकालाचा उपयोग रेल्वेबाहेरच्या कितीतरी स्त्रियांना झाला.

रेल्वेतल्या स्त्रियांना मात्र तो उशिरा मिळाला, कारण तोवर हे पदच संपत आले होते. 1907 नंतर डिस्पॅचर तारेऐवजी टेलिफोनवर बोलू लागले होते. टेलिफोनवर हुकूम उतरवायला मोर्स लागत नाही, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कौशल्याची किंमत तिथूनच उतरू लागली. 1927 मध्ये ओहायोत न्यूयॉर्क सेंट्रलने दूरच्या एका टेबलावरून सिग्नल आणि सांधे हलवण्याची केंद्रीय यंत्रणा पहिल्यांदा बसवली. ती पसरली तिथे हुकुमाचे कागदच नको झाले. रस्ते पक्के झाले, दूध आणि धान्य ट्रकने जाऊ लागले, प्रवासी मोटारीत बसले, 1967 मध्ये रेल्वे टपालाचे डबे बहुतांश बंद झाले.

निर्णायक लढाई झाली ती केट शेलीच्याच कंपनीत. 1957 मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नने चार राज्यांच्या आयोगांकडे अर्ज केले: प्रत्येक स्टेशनवर पूर्ण पगाराचा एजंट नको, एका मध्यवर्ती एजंटने आसपासची स्टेशने सांभाळावीत. काही ठिकाणी दिवसाचे खरे काम तासाभराचेही उरले नव्हते, हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. साउथ डकोटाच्या आयोगाने 1958 मध्ये तशी परवानगी दिली. तारमास्तरांच्या संघटनेने मागणी केली की 3 डिसेंबर 1957 रोजी अस्तित्वात असलेली कोणतीही जागा परस्पर संमतीशिवाय रद्द होऊ नये. या मागणीसाठी संप करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये ठरवले, आणि 1962 मध्ये महिनाभराचा संप झालाही. त्याने काही वर्षांचा अवधी आणि थोडीफार भरपाई मिळाली, स्टेशने वाचली नाहीत.

जागा गेली की बिऱ्हाडही हलवावे लागे, कारण इमारत कंपनीची होती. काही इमारती पाडल्या गेल्या, काही शेतकऱ्यांनी विकत घेऊन धान्याची कोठारे म्हणून उचलून नेल्या, काहींची संग्रहालये झाली. मॉइंगोनात केट शेलीच्या नावाचे संग्रहालय आहे. तारमास्तरांची संघटना 1969 मध्ये रेल्वे कारकुनांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. 1980 च्या दशकात डिस्पॅचर रेडिओवरून थेट इंजिनातल्या माणसाशी बोलून मार्गाची परवानगी देऊ लागले, आणि त्याबरोबर स्टेशनवर उतरवून घेण्याची ट्रेन ऑर्डरही बहुतेक मार्गांवरून गेली.